सहा विनापरवाना अलर्ट

कोणत्याही संस्थेची प्रगती तिथे किती गोष्टी बिघडतात यावर ठरत नाही. बिघडल्याचं किती जणांना कळतं, यावर ठरते. या कसोटीवर आमची सीनाकाठ सहकारी दूध उत्पादक संस्था आज पुष्कळ पुढे आहे, हे मी सचिव या नात्याने नम्रपणे नमूद करतो. गेल्या चार महिन्यांत आमच्याकडे एकही अलर्ट वाजलेला नाही. अकोले तालुक्यातल्या दोन संस्था त्यासाठी अभ्यासदौऱ्यावर येऊन गेल्या. त्यांनी आमची शांतता पाहिली, तिच्यासोबत फोटो काढले, आणि जेवून गेल्या.

ही शांतता आपोआप आलेली नाही. तिच्यामागे एक समिती आहे, एक नमुना आहे, आणि एक बाई आहे. तिघांचीही माहिती क्रमाने देतो.

मिरजगावपासून साडेचार किलोमीटर आत आमची वाडी आहे (जिल्हा अहिल्यानगर, लेटरहेडवर अजून अहमदनगर, कारण गठ्ठा संपायचा आहे). संस्थेचे सभासद तीनशे बारा. सकाळी सहा ते नऊ दूध येतं, तेव्हा ते म्हशीच्या अंगाइतकं कोमट असतं. पाच हजार लिटरची एक मोठी पोलादी टाकी आहे, तिला आम्ही बल्क कूलर म्हणतो. ती तीन तासांत दूध चार अंशांवर आणते. संध्याकाळी टँकर येतो. टँकरवाला कपभर दूध उकळून बघतो. ते फाटलं तर टाकीला हातही न लावता निघून जातो. सगळा धंदा एवढाच आहे. दूध थंड राहिलं तर ते दूध, नाहीतर तीनशे बारा घरांची पहाट फुकट.

ही टाकी अकरा वर्षं मुबारकबीने सांभाळली. तिचं घर संस्थेच्या समोर, रस्त्यापलीकडे. दारात चार म्हशी, नवरा बाबाजान टेम्पो चालवतो. मुबारकबीला लिहितावाचता येत नाही, पण कॉम्प्रेसरचा आवाज तिला घरात भाकरी थापताना ऐकू येतो. आवाज बदलला की ती उठते. अंगणातल्या लिंबाला आम्ही रेल्वे रुळाचा हातभर तुकडा टांगला होता. मशीन बंद पडलं की ती पान्याने तो तुकडा बडवायची, मग कोणी तरी धावत जाऊन जनरेटर चालू करायचं. या पद्धतीत नोंद नव्हती, आलेख नव्हता, पासवर्ड नव्हता. दूध तेवढं टिकायचं.

असं किती दिवस चालणार? म्हणून आम्ही ॲप घेतलं.

ॲपचं नाव ‘दुग्धनेत्र’. ते पुण्याच्या एका कंपनीचं आहे आणि क्लाउडवर असतं. म्हणजे नेमकं कुठे, असं आमचे चेअरमन सूर्यभान आण्णा यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं. कंपनीच्या पंकजा मॅडम म्हणाल्या, ‘‘तसं ते कुठेही असू शकतं.’’ ढगांच्या बाबतीत कर्जत तालुक्याचा अनुभव हाच असल्याने पुढे कोणी खोदून विचारलं नाही.

टाकीला एक तापमापी चिकटवली. ती दर मिनिटाला ॲपला तापमान कळवते. दूध ठरल्या वेळेत थंड झालं नाही, की संचालक, सचिव आणि हितचिंतक मिळून सतरा जणांच्या मोबाईलवर भोंगा वाजतो. शिवाय खुद्द ॲपच बंद पडलं तर ते कळायला त्याच्यावर दुसरी एक यंत्रणा. तीही भोंगाच वाजवते. इतका कडेकोट बंदोबस्त झाल्यावर लिंबाच्या रुळाची गरज उरली नाही. तो उतरवून मी माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला.

फेब्रुवारीत पहिला नियोजित बंद झाला. सर्व्हर बदलायचा म्हणून कंपनीने चौऱ्याण्णव मिनिटं ॲप बंद ठेवलं. सात दिवस आधी रीतसर ईमेल आला होता. तो ज्या पत्त्यावर आला, त्याचा पासवर्ड माजी सचिवांकडे आहे आणि ते नाराज आहेत. त्यामुळे ॲप बंद आणि भोंगे चालू, अशी परिस्थिती उद्भवली. दर मिनिटाला एक याप्रमाणे सतरा मोबाईलांवर मिळून एक हजार पाचशे अठ्ठ्याण्णव अलर्ट वाजले. परिणाम खालीलप्रमाणे:

आण्णा सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्यातून अंगठीच्या वेळेस उठून पळाले. मुलाकडच्यांना वाटलं, लग्न मोडलं.

व्हाइस चेअरमन काकासाहेब एका दहाव्याला नदीवर होते. कावळा पिंडाला शिवायच्या बेतात असताना त्यांच्या खिशात भोंगा झाला. कावळा उडाला तो दीड तास फिरकला नाही. मयताची नेमकी कोणती इच्छा राहिली, यावरून त्या घरात आजही दोन तट आहेत.

तिघे संचालक एकाच मोटारसायकलवरून टाकीपाशी पोचले. टाकी व्यवस्थित चालू होती. मुबारकबी तिथेच शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘‘मशिनला काय न्हाई झालेलं. तुमालाच काय झालं?’’

या प्रश्नाने संचालक मंडळ अंतर्मुख झालं आणि अलर्ट-शमन समिती स्थापन झाली. समितीत नऊ जण. मी पदसिद्ध सचिव.

समितीने पंकजा मॅडमना फोनवर घेऊन सल्ला विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘सोपं आहे. पुढच्या वेळी बंदच्या काळापुरते अलर्ट गप्प ठेवा. दहा ते बारा अशी मुदत टाका, मुदत संपली की ते आपोआप सुरू होतील. आणि तेवढ्या वेळात एक माणूस टाकीपाशी बसवा. त्याने काही सांगितलं तर ऐका.’’

सल्ला उत्तम होता. समितीने तो चार बैठकांत सुधारला.

पहिली हरकत ‘आपोआप’ या शब्दाला आली. आमच्या भागात गतिरोधकाचंसुद्धा उद्घाटन होतं; हा तर क्लाउड. नियोजित बंदचा शुभारंभ आणि समारोप दोन्ही पाहुण्यांच्या शुभहस्ते व्हावेत, हे एकमताने ठरलं. आता पाहुणे यायच्या आत मुदत संपून अलर्ट आपोआप चालू झाले, तर त्यांचा केवढा अपमान! म्हणून मुदतीच्या जागी ॲपमध्ये असलेला ‘पुढील आदेशापर्यंत’ हा पर्याय निवडण्यात आला.

दुसरी हरकत काकासाहेबांची. त्यांचं म्हणणं, मोबाईल गप्प केले तरी माणसं बोंबलतात, त्याचं काय? (कावळ्याचं दुःख ताजं होतं.) मुद्दा बिनतोड होता. त्यातून नियमावली तयार झाली. तिच्यातली प्रमुख कलमं अशी:

कलम १. ‘अलर्ट’ म्हणजे यंत्रात बिघाड असल्याचं सुचवणारी कोणतीही माहिती. मग ती मोबाईलवर, तोंडी, हातवारे करून अथवा अन्य कोणत्याही मार्गाने आलेली असो.

कलम ४. नियोजित बंदच्या काळात आलेला प्रत्येक अलर्ट हा नियोजित बंदमुळेच आलेला आहे, असं मानण्यात येईल.

कलम ५. टाकीपाशी एका व्यक्तीने सतत लक्ष ठेवावं. (लक्ष ठेवून काय करावं हे पुढच्या बैठकीवर सोडलं. पुढची बैठक कोरमअभावी झाली नाही.)

कलम ८. अलर्ट गप्प करण्याचा अधिकार सचिवांचा; पुन्हा सुरू करण्याचा अधिकार पाहुण्यांचा.

यासाठी ‘नमुना ग-७’ छापून घेतला. त्यात नऊ रकाने आहेत: कोणाचा अलर्ट, केव्हा गप्प केला, का केला, कोणी केला, वगैरे. नववा रकाना ‘पुन्हा केव्हा ऐकावं’ असा आहे. तो आजवर भरायची वेळ आलेली नाही.

दुसरा नियोजित बंद मे महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी ठरला, सकाळी दहा ते बारा. संस्थेच्या आवारात मंडप घातला. ‘नियोजित बंदला हार्दिक शुभेच्छा’ असा फ्लेक्स लागला. त्यावर त्रेचाळीस फोटो होते आणि खाली उरलेल्या जागेत म्हैस. कर्जतहून हलगीवाले आले. लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि समारंभात व्यत्यय नको, म्हणून दूरदृष्टीने संस्थेचा जनरेटर मंडपाला जोडला: माइक, चार पंखे आणि पाहुण्यांच्या खुर्चीमागे एक मोठा कूलर. टाकीपाशी लक्ष ठेवायला अर्थातच मुबारकबी होती.

पाहुण्यांचं नाव मी देत नाही, कारण आम्ही अजून त्यांची वाट पाहत आहोत.

मुहूर्त नऊ एक्कावन्नचा होता. पाहुणे पाच मिनिटांत पोचत असल्याचा निरोप होता. मुहूर्त चुकू नये म्हणून मी नऊ एक्कावन्नला सतरा मोबाईलांचे अलर्ट गप्प केले. टाळ्या झाल्या. ॲप मात्र पाहुण्यांनी बटण दाबल्यावरच बंद व्हायचं होतं, त्यामुळे ते चालू राहिलं. म्हणजे ज्याच्यासाठी अलर्ट गप्प केले ते सुरूच झालं नव्हतं. ही तांत्रिक बाब तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, आणि ज्यांच्या लक्षात आली ते पुण्यात होते.

दहा वाजून दहा मिनिटांनी तीन फेजपैकी एक फेज गेली. कॉम्प्रेसर थांबला. मंडपात कोणाला काही कळलं नाही, कारण मंडप जनरेटरवर होता. पंखे छान फिरत होते. टाकीत चार हजार दोनशे साठ लिटर दूध होतं आणि ते नुकतंच चोवीस अंशांवर आलं होतं. बाहेर बेचाळीस.

यानंतर मुबारकबी बाबाजान शेख यांनी एकाच दिवसात सहा विनापरवाना अलर्ट दिले. चौकशीच्या कागदांत त्यांची नोंद आहे, ती जशीच्या तशी देतो. फक्त माझ्या मनात जे आलं ते कंसात घालतो.

अलर्ट पहिला, दहा वीस. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘‘कानिफभाऊ, मशिन गप झालंय. एक फेज गेली. जनरेटरची वायर इकडं लावा, पाच मिनिटाचं काम हाय.’’ मी तिला कलम चार वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘त्ये कागदावरलं ऱ्हाऊ द्या. माजं कान काय खोटं बोलत्यात का?’’ कान हे कलम एकमधल्या ‘अन्य कोणत्याही मार्गात’ बसतात. मी नमुना ग-७ भरून तिचा अलर्ट गप्प केला. (तिचे कान अकरा वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत, हे मला माहीत होतं.)

अलर्ट दुसरा, दहा पंचावन्न. तिने टाकीतून तांब्याभर दूध काढून काकासाहेबांच्या हातात ठेवलं, म्हणाली, ‘‘हात लावून बघा.’’ काकासाहेबांनी हात लावला, दूध कोमट असल्याची खात्री केली, आणि पाहुण्यांच्या चहाला बरं होईल म्हणून आचाऱ्याकडे पाठवलं. चहा चांगला झाला होता.

अलर्ट तिसरा, अकरा चाळीस. ती थेट स्टेजवर गेली. आण्णा माइकवर होते. पाहुणे कर्जतमध्ये एका ठिकाणी थांबले असून निघतच आहेत, असं ते सांगत होते. (दहाला पाहुणे मिरजगावात होते. साडेअकराला कर्जतला. दोन वाजता ते नगरहून निघाले. जसजसा दिवस चढला तसतसे ते लांब गेले.) मुबारकबीने आण्णांच्या कानात काही सांगितलं. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं: ‘‘आन्ना, दूध जातंय. समद्या वाडीचं जातंय.’’ आण्णांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘मुबारकबी, आजच्या दिवस नगं. पाहुनं आलं की बघू.’’ हात नीट बसला नव्हता, तेही सगळ्यांनी ऐकलं. मंडपात त्या वेळी दोनशेच्या वर सभासद बसले होते, ज्यांचं ते दूध. एकजण उठायला लागला. शेजारच्याने त्याला खाली बसवलं, म्हणाला, ‘‘अरं, नियोजित हाय त्ये.’’

अलर्ट चौथा, बारा ते एक. ती टाकीपाशी परत गेली आणि तिथून तिने मला चार वेळा फोन केला. (समितीने चार फोन मिळून एक अलर्ट धरला आहे, यात तिला सवलतच दिली.) पाहुण्यांचा फोन येईल आणि लाइन अडकेल, या काळजीपोटी मी तिचं नाव मोबाईलमध्ये गप्प करून टाकलं. किती वेळ, असं मोबाईल विचारतो. आठ तास, एक आठवडा, नेहमी. घाईत बोट खालच्या ओळीवर पडलं.

याच सुमारास पुण्याहून पंकजा मॅडमचाही फोन आला. ‘‘सर, आम्ही अजून काही बंदच केलेलं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सिस्टीम चालू आहे आणि टाकीचं तापमान सत्तावीस दाखवतेय. वाढतंय. तुमचे अलर्ट मात्र बंद आहेत. प्लीज कोणाला तरी टाकीपाशी पाठवा.’’ मी म्हणालो, टाकीपाशी आमची बाई बसवलेली आहे. त्या म्हणाल्या, ‘‘मग त्या काहीच कशा म्हणाल्या नाहीत?’’ यावर मी रेंज नसल्यासारखं हॅलो हॅलो केलं आणि मोबाईल टेबलावर पालथा घातला. पंकजा मॅडम पुण्यात असल्याने आमची नियमावली त्यांना लागू होत नाही. पालथा मोबाईल मात्र सर्वांना लागू होतो.

अलर्ट पाचवा, एक चाळीस. मुबारकबीने मंडपामागे जाऊन जनरेटरची केबल स्वतः उपटली आणि ती टाकीकडे ओढत नेऊ लागली. माइक बंद, पंखे बंद. मंडपात एकदम हाहाकार झाला. टाकी बंद पडून साडेतीन तास झाले होते, तिच्यासाठी कोणी उठलं नव्हतं. पंख्यासाठी चाळीस जण उठले. केबल तिच्या हातातून काढून पुन्हा मंडपाला जोडण्यात आली आणि जनरेटरपाशी दोन संचालकांचा पहारा बसवला. एरवी या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. त्या दिवशी ते शेजारी शेजारी बसले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

अलर्ट सहावा, दोन पस्तीस. ती माझ्या टेबलाशी आली. कागदांवरचा रुळाचा तुकडा उचलला (नमुना ग-७ चे सगळे कागद उडाले), लिंबाखाली गेली, पदराचा पीळ करून तुकडा फांदीला अडकवला आणि पान्याने बडवायला लागली. तो आवाज मी दीड वर्षाने ऐकत होतो. पूर्वी त्या आवाजाला आख्खी वाडी धावायची. माझे पाय आपोआप उठले, हे मी मान्य करतो.

पण हलगीवाले कर्जतचे होते. त्यांना आमचा रूळ माहीत नव्हता. सकाळपासून ते पाहुणे आल्याच्या खुणेची वाट बघत बसले होते. टोले ऐकताच त्यांनी हलगी कडाडवली. हलगी ऐकून फटाक्यांची माळ लागली. माळ ऐकून महिला मंडळ आरत्या घेऊन फाटकाकडे निघालं, आण्णा हार घेऊन धावले, आणि दोनशे सभासद उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मुबारकबी बडवत होती आणि ती जितकं जोरात बडवी तितकी हलगी चढत होती. वीस मिनिटं असं चाललं. फाटकातून कोणीच आलं नाही. मग सगळे आपापल्या जागेवर बसले आणि स्वागताची रंगीत तालीम छान झाली, असं आण्णांनी माइकवर जाहीर केलं.

मुबारकबीने पाना खाली ठेवला. टाकीपाशी जाऊन ती झाकणावर हात ठेवून उभी राहिली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

सव्वापाचला टँकर आला. टँकरवाल्याने दूध उकळलं, भांडं तिरकं करून आम्हाला दाखवलं, आणि गाडी वळवली. ते दूध आम्ही संस्थेमागच्या ओढ्यात सोडलं. मे महिन्यात आमच्या ओढ्याला पाणी नसतं. त्या दिवशी तो पांढरा वाहिला. कुत्री आली, मग माणसं आली. मुबारकबीच्या चार म्हशींचं दूधही त्यात होतं, पण ती त्याबद्दल बोलली नाही. मी शेजारी उभा होतो. माझ्याकडे न बघता ती एवढंच म्हणाली, ‘‘बनुबाईनं आज पयल्यांदा दूध घातलं हुतं.’’ बनुबाई ही आमची सगळ्यात नवी सभासद. मला फार वाईट वाटलं. असं वाटलं की त्या ओढ्यात आपणही उतरावं आणि वाहून जावं. हे वाक्य मी अहवालात घेणार होतो. पण तसा रकाना नाही.

चौकशी समिती म्हणून अलर्ट-शमन समितीचीच नेमणूक झाली, कारण विषयाचा अनुभव तिलाच होता. तिचे निष्कर्ष थोडक्यात असे. त्या दिवशी संस्थेला एकही अधिकृत अलर्ट मिळालेला नाही. अलर्ट नाही त्याअर्थी बिघाड नाही. बिघाड नसताना दूध नासलं, तेव्हा ते दुधाच्या अंगभूत दोषामुळे नासलं असावं. मात्र नियोजित बंदच्या काळात सहा विनापरवाना अलर्ट दिले गेले, ही बाब गंभीर आहे.

मुबारकबीला बोलावण्यात आलं. तिला सहाही अलर्ट वाचून दाखवले आणि हे तुम्हीच दिले का, असं विचारलं. ती म्हणाली, ‘‘व्हय, म्याच दिलं. सहा बार सांगितलं. सातव्या बारी दुधानंच सांगितलं.’’ नंतरचं वाक्य तिचं की दुधाचं, हे स्पष्ट न झाल्याने ते नोंदीतून वगळलं. मग तिने विचारलं, ‘‘आता टाकीवर कोन बसनार?’’ आण्णा म्हणाले, ‘‘ॲप हाय की.’’ ती पदर सावरून उठली, आणि जाताना टेबलावर रुळाचा तुकडा ठेवून गेली. कागद उडत होते म्हणून.

आदेश मी टाइप केला. श्रीमती मुबारकबी बाबाजान शेख यांनी पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये. शब्द शोधायला लागले नाहीत, ॲपमध्ये तयार होते.

ॲपचं राहिलेलं काम कंपनीने पुढच्या रविवारी कोणालाही न बोलावता वीस मिनिटांत उरकलं. (आम्ही निषेधाचं पत्र पाठवलं आहे.) सतरा मोबाईलांचे अलर्ट मात्र अजून गप्प आहेत, कारण ते सुरू करण्याचा अधिकार पाहुण्यांचा आहे आणि ते निघालेले आहेत. सभासद तीनशे बारावरून एकशे चाळीसवर आले. त्यामुळे यंत्रावरचा ताण कमी झाला. या काळात मशीन किती वेळा बंद पडलं ते सांगता येत नाही. शून्य वेळा, असं आमचं रजिस्टर सांगतं. अभ्यासदौऱ्याच्या मंडळींनी ते रजिस्टर हातात घेऊन पाहिलं.

आज हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा तारखा तपासाव्यात म्हणून मोबाईल उघडला. खाली, खूप खाली, गप्प केलेल्या नावांत मुबारकबीचं नाव दिसलं. नावापुढे भोंग्याचं चित्र, त्यावर आडवी रेघ. आणि एकोणतीस निरोप. तिला लिहिता येत नाही, म्हणून सगळे आवाजातले. पहिला आदेशाच्या दुसऱ्याच दिवशीचा. म्हणजे बाई घरी बसून, रस्त्यापलीकडून, चार महिने मशीनचा आवाज ऐकते आहे आणि कोणी कामावर ठेवलेलं नसताना मला कळवते आहे. मी सर्वांत खालचा निरोप ऐकला. सहा सेकंदांचा आहे. म्हैस हंबरते, मग ती म्हणते, ‘‘कानिफभाऊ, गप झालंय बगा. वायर तेवडी लावून घ्या.’’

तो आजचाच आहे, सकाळी दहा वाजून सात मिनिटांचा. आता साडेअकरा होत आले आहेत. मी उठतोच आहे; फक्त तिचं नाव पुन्हा चालू करायचं तर आधी नमुना ग-७ चा नववा रकाना भरावा लागेल, आणि तो कसा भरतात याचा संस्थेत कोणालाच अनुभव नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. नमुना हवा असल्यास आम्ही विनामूल्य पाठवू. पण मागवण्याआधी तुमचा मोबाईल हातात घ्या (तो शेजारीच पालथा असेल) आणि अगदी खाली जाऊन, किती नावांपुढे रेघ मारलेला भोंगा आहे ते मोजा. त्यात कोण आई आहे, कोण गावाकडचा थोरला भाऊ, कोण रोज तेच तेच सांगणारी आत्या, ते आम्हाला कळवायची गरज नाही. शेवटचा निरोप किती वाजताचा आहे, तेवढं बघा. आमच्या संस्थेत मुबारकबी एकच होती.